ताकाचे आइस्क्रीम : एका उरलेल्या वस्तूचा इतिहास

आपल्या मराठी भाषेने ताकाला फारशी प्रतिष्ठा दिलेली नाही. ‘ताकापुरती आजीबाई’ म्हणताना आपण मतलबी माणसाला टोमणा मारतो आणि ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ म्हणताना भिडस्ताची थट्टा करतो. परंतु या दोन्ही म्हणी जरा थांबून ऐकल्या, तर त्यांच्यातून एक जुना सामाजिक व्यवहार डोकावतो. ताक विकत आणायचे नसे, मागून आणायचे असे. ज्या घरी दुभते, त्या घरी घुसळण. लोणी घरधन्याचे आणि ताक शेजाऱ्यापाजाऱ्यांचे, गड्यांचे, दारी भांडे घेऊन आलेल्या पोराचे. लोणी काढून झाल्यावर मागे उरते ते ताक. त्याला किंमत नसे, म्हणूनच ते देताना हात आखडत नसे.

अशा या उरलेल्या वस्तूपासून आइस्क्रीमसारखा शाही पदार्थ घरच्या घरी केला जातो, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. परंतु अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ताकाचे आइस्क्रीम ही घरोघरची परिचित गोष्ट आहे. राजाच्या ताटातला पदार्थ आणि गरिबाच्या वाडग्यातले ताक एका डब्यात कसे आले, याची कहाणी या लेखात सांगायची आहे. ती पदार्थाची आहे, तशीच तो करणाऱ्या हातांचीही आहे.

मिठाची किमया

आइस्क्रीमच्या इतिहासात दुधाच्या आधी मिठाचा मान आहे. नुसत्या बर्फात दुधाचा डबा ठेवला, तर दूध थंडगार होईल, पण गोठणार नाही. बर्फ शून्य अंश सेल्सिअसला वितळतो. साखर घातलेले दूध मात्र त्याहून दोन-तीन अंश खाली उतरल्याशिवाय गोठू लागत नाही. हे अंतर मीठ भरून काढते. बर्फात मीठ मिसळले की बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो आणि तो शून्याखालच्या तापमानातही वितळू लागतो. वितळायला उष्णता लागते. ती तो शेजारच्या डब्यातून, म्हणजेच डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. बर्फ आणि मीठ योग्य प्रमाणात मिसळले, तर हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. विजेचा एक तारही नसताना माणसाने उन्हाळ्यात हिवाळा निर्माण केला, तो अशा रीतीने.

क्षारांनी थंडावा आणण्याची विद्या आपल्या देशालाही अपरिचित नव्हती. अकबराच्या दरबारात सोऱ्याच्या साहाय्याने पिण्याचे पाणी गार केले जाई, याची नोंद अबुल फजलने ‘आइन-ई-अकबरी’त केली आहे. युरोपात इटलीतील नेपल्सच्या जामबात्तिस्ता देल्ला पोर्ता या पंडिताने १५८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हिम आणि सोरा यांच्या मिश्रणात वारुणी गोठवण्याची रीत सांगितली. त्यानंतर शंभर वर्षांनी, १६९० च्या दशकात, त्याच नेपल्समध्ये एका बड्या स्पॅनिश अधिकाऱ्याच्या घरचा कारभारी असलेल्या अंतोनिओ लातिनीने आपल्या पाकग्रंथात गोठवलेल्या सरबतांच्या कृती दिल्या. त्यांतील एक कृती दुधाची आहे.

हा पदार्थ त्या काळी किती दुर्मीळ होता, याची कल्पना इंग्लंडमधील एका नोंदीवरून येते. १६७१ साली विंडसर येथे संत जॉर्जच्या सणानिमित्त दुसऱ्या चार्ल्स राजाने मेजवानी दिली. तीत आइस्क्रीमची फक्त एक बशी होती आणि ती राजाच्या मेजावर ठेवण्यात आली होती. पुढे १७१८ मध्ये, राणी ॲनच्या दरबारी मिठाई करणाऱ्या मेरी ईल्स या बाईंच्या पुस्तकात आइस्क्रीमची कृती छापली गेली. सहा डब्यांसाठी अठरा ते वीस पौंड बर्फ, त्यात एक पौंड जाडे मीठ, भोवती पेंढा आणि ऊन-उजेड न येणारे तळघर. एवढा बर्फ उन्हाळ्यापर्यंत राखायचा, तर आधी स्वतःच्या मालकीचे तळे हवे, मग बर्फघर हवे आणि मग ते भरायला माणसे हवीत. दूध गरिबाकडेही असेल. पण हिवाळा साठवून ठेवण्याची ऐपत श्रीमंताचीच होती.

लोणी वाड्यात, ताक झोपडीत

हा श्रीमंती शौक अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेत गेला, तेव्हा त्याच्यासोबत हे बर्फघरही गेले. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांच्या हस्ताक्षरातील आइस्क्रीमची एक कृती त्या देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आजही जपून ठेवलेली आहे. दोन बाटल्या मलई, सहा अंड्यांचा पिवळा बलक, अर्धा पौंड साखर आणि व्हॅनिलाची शेंग. शिजवून, गाळून, डब्यात घालून तो डबा मीठ मिसळलेल्या बर्फात फिरवायचा, मधूनच उघडून कडेला गोठलेला थर खरवडायचा आणि पुन्हा फिरवायचा. जेफर्सन १७८४ ते १७८९ या काळात फ्रान्समध्ये होते. तिकडची रुची ते सोबत घेऊन आले. व्हर्जिनियातील मॉंटिसेलो या आपल्या डोंगरमाथ्यावरील निवासस्थानी त्यांनी बर्फघर बांधले. हिवाळ्यात खालच्या रिव्हाना नदीतला बर्फ गाड्या भरभरून वर आणला जाई.

कृती जेफर्सन यांच्या हस्ताक्षरात आहे. डबा फिरवणारा हात मात्र त्यांचा नव्हता. त्यांनी पॅरिसला आपल्यासोबत जेम्स हेमिंग्ज नावाच्या एका तरुणाला नेले होते. तो त्यांच्या मालकीचा गुलाम होता. फ्रेंच पाककला त्याने तेथे रीतसर शिकून घेतली. मायदेशी परतल्यावर १७९६ साली त्याला स्वातंत्र्य मिळाले, पण ते आपली विद्या त्याच घरातल्या दुसऱ्याला शिकवण्याच्या अटीवर. १८०१ मध्ये तो मरण पावला. सर्व माणसे समान निर्मिली आहेत, असे जगाला सांगणाऱ्या जाहीरनाम्याचा लेखक आणि त्याच्या मुदपाकखान्यातला गुलाम आचारी, हे दोघे एकाच आइस्क्रीमच्या इतिहासात शेजारी शेजारी उभे आहेत. पैकी एकाचेच नाव आपण पाठ्यपुस्तकात वाचले.

आता ताकाकडे वळू. दक्षिणेकडील उन्हाळा उष्ण आणि दमट, बराचसा आपल्या कोकणपट्टीसारखा. तेथे ताजे दूध साय वर येण्याआधीच आंबू लागे. म्हणून अनेक घरांत आंबून घट्ट झालेले सगळेच दूध उंच पिंपात ओतून लाकडी दांड्याने घुसळत. आपल्याकडे दही लावून रवीने घुसळतात, त्या रीतीची ही जवळची बहीणच म्हणायची. घुसळून वर आलेले लोणी मालकाच्या वाड्यात जाई. खाली राहिलेले आंबट ताक मक्याच्या भाकरीसोबत गुलामांच्या झोपड्यांत पोचे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन शासनाच्या एका लेखन-प्रकल्पाने पूर्वी गुलाम असलेल्या वृद्धांच्या आठवणी नोंदवून घेतल्या. त्यांत मक्याची भाकरी आणि ताक यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. एकाच पिंपातून निघालेल्या दोन वस्तू. परंतु त्यांच्या वाटा वेगळ्या होत्या.

बोस्टनचा बर्फ मुंबईत

या वाटा एकत्र येण्यासाठी प्रथम बर्फ स्वस्त होणे आवश्यक होते. ते काम बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने केले. उत्तरेकडील तळ्यांचा बर्फ करवतीने कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून उष्ण प्रदेशांत विकायचा, अशी त्याची कल्पना. १८०६ साली त्याने पहिली खेप कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर धाडली, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढले. पण १८३३ च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले आणि चार महिन्यांनी कोलकात्यास लागले, तेव्हा त्यात सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता.

पाठोपाठ, १८३४ साली, हा बर्फ आपल्या मुंबईतही आला. ज्यांचे नाव आपण जे. जे. रुग्णालयामुळे नित्य घेतो, त्या जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्याकडील मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले. त्यानंतर यजमान आणि पाहुणे दोघांनाही पडसे झाले व परक्यांचे अनुकरण केल्याची ही योग्य शिक्षा होय, असा शेरा ‘मुंबई समाचार’ने मारला, अशी हकिकत मुंबईचा इतिहास लिहिणारे सांगत आले आहेत. मद्रासमध्ये ट्यूडरने बांधलेले बर्फघर समुद्रकिनाऱ्यावर आजही उभे आहे. अमेरिकन चिंतक हेन्री डेव्हिड थोरो याने वॉल्डन तळ्याकाठी राहताना १८४६-४७ च्या हिवाळ्यात तेथला बर्फ कापणारे मजूर पाहिले होते. आपल्या तळ्याचे पाणी मद्रास, मुंबई आणि कोलकात्याचे लोक पिणार, या कल्पनेने त्याला मोठी गंमत वाटली, असे त्याच्या १८५४ च्या पुस्तकावरून दिसते.

एका स्त्रीचा दांडा

बर्फ स्वस्त झाला, मीठ स्वस्त होतेच. पण श्रम तसेच राहिले. डबा हाताने फिरवायचा, काढायचा, उघडायचा, खरवडायचा, झाकायचा आणि पुन्हा बर्फात खुपसायचा. ज्या घरी नोकर नाहीत, त्या घरची बाई हे कधी करणार? या प्रश्नाचे उत्तर एका स्त्रीनेच शोधले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

नॅन्सी जॉन्सन या फिलाडेल्फियाच्या बाई. ९ सप्टेंबर १८४३ रोजी त्यांना आपल्या यंत्राचे पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक ३२५४. रचना अगदी साधी. बाहेर लाकडी पिंप, कारण लाकूड बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. आत धातूचा उभा डबा, कारण धातू दुधातील उष्णता झटकन बर्फाला देतो. दोहोंच्या मधल्या पोकळीत बर्फ आणि मीठ. डब्याच्या आत भोके पाडलेली पाती आणि त्या पात्यांना वरून जोडलेला एक वाकडा दांडा. दांडा फिरवला की पाती डब्याच्या कडेला गोठणारा थर सतत खरवडून आत ढकलत. त्यामुळे बर्फाचे कण मोठे होत नसत, थोडी हवा मिसळे आणि पदार्थ मऊ होई. झाकण उघडण्याची गरज राहिली नाही. जे काम करायला कसबी माणूस लागे, ते आता घरातले लहान मूलही करू शकत होते.

पुढे १८४८ मध्ये विल्यम यंग याने ‘जॉन्सन’ यांच्याच नावाने या यंत्राची सुधारलेली आवृत्ती आणली आणि हळूहळू असे यंत्र सामान्य अमेरिकन घरांत आले. नॅन्सीबाईंच्या आयुष्यातील आणखी एक प्रकरण मला या शोधाइतकेच महत्त्वाचे वाटते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६२ साली, साठी उलटलेल्या या बाई आपल्या बहिणीसोबत दक्षिण कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्यावरील बेटांवर गेल्या आणि तेथे गुलामीतून सुटलेल्या लोकांना लिहा-वाचायला शिकवू लागल्या. ज्यांच्या हातांनी वाड्यांतले डबे फिरवले होते, त्यांच्या हाती त्यांनी पाटी दिली.

याच सुमारास आइस्क्रीमचा पहिला कारखानाही उभा राहिला आणि त्याच्या मुळाशीही ‘उरलेली वस्तू’च होती. बाल्टिमोर येथील जेकब फसेल हा दुधाचा व्यापारी. त्याच्याकडे मलईची मागणी सारखी खालीवर होई आणि शिल्लक मलई नासून जाई. ती वाया जाऊ नये, म्हणून १८५१ साली त्याने तिचे आइस्क्रीम करून घाऊक विकण्यास आरंभ केला. तोही गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता.

ताक डब्यात येते

घरोघरी यंत्र आले, तरी मलई घरोघरी नव्हती. मलईचे लोणी होई आणि लोणी विकून मीठ-मिरची, कापड, मुलांची पुस्तके येत. उरे ते ताक. काटकसरी गृहिणीने मलईत ताक मिसळून पाहिले आणि तिच्या लक्षात आले, की हा केवळ नाइलाज नव्हे. चवीतही भर पडते आहे.

याची कारणे आज आपण सांगू शकतो. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, म्हणून आइस्क्रीममध्ये साखर सढळ घालावी लागते आणि ते कधी कधी मिट्ट होते. ताकातील लॅक्टिक आम्ल त्या गोडीला तोल देते. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. दुधातील स्निग्धाच्या प्रत्येक कणाभोवती एक नाजूक पापुद्रा असतो. घुसळताना तो फाटतो. स्निग्ध कण एकमेकांना चिकटून लोणी होते आणि पापुद्र्याचे तुकडे ताकात राहतात. त्यांत लेसिथिनसारखी द्रव्ये असतात. ती पाणी आणि स्निग्धता यांना एकजीव ठेवतात. अंड्याच्या बलकात हेच द्रव्य असते. म्हणजे लोणी निघून गेल्यावर जे ‘सत्त्वहीन’ म्हणून उरले, त्यातच आइस्क्रीमला मऊपणा देणारा एक गुण लपलेला होता.

ही कृती पसरवण्याचे मोठे श्रेय चर्चमधील महिला मंडळांना द्यावे लागेल. यादवी युद्धात जखमी झालेल्यांसाठी निधी उभारण्याकरिता अमेरिकन स्त्रियांनी पाककृतींची पुस्तके काढण्यास प्रारंभ केला. पुढे चर्चचे छप्पर, शाळेची घंटा, अनाथाश्रमाचे धान्य अशा कामांसाठी गावोगावच्या महिलांनी अशी पुस्तके छापून विकली. चर्चच्या अंगणात आइस्क्रीमचे मेळावेही भरत. प्रत्येक घराने आपापले पिंप घेऊन यायचे. दक्षिणेकडील या पुस्तकांतून ताकाच्या आइस्क्रीमला आणि अननस घातलेल्या ताकाच्या शर्बतीला हक्काचे पान मिळाले.

कृती अवघड नाही. अर्धा लिटर दूध-मलई, सहा अंड्यांचा बलक आणि सव्वादोनशे ग्रॅम साखर मंद आचेवर, चमच्याच्या पाठीला लेप बसेपर्यंत शिजवावी. उकळी येऊ देऊ नये. मिश्रण पूर्ण गार झाल्यावरच त्यात अर्धा लिटर घट्ट ताक, चिमूटभर मीठ आणि लिंबाची किसलेली साल घालावी. गरम मिश्रणात आंबट ताक ओतले, तर सारे फाटते. येथे घाई करणारा पस्तावतो. आपले पाणी घातलेले ताक या कामी येत नाही, कारण त्या पाण्याचे बर्फकण दाताखाली येतात. सायीचे दही पाण्याविना घुसळून घ्यावे, हे उत्तम. अननस घालायचा असल्यास तो आधी साखरेत शिजवून घ्यावा; कच्च्या अननसातील पाचक द्रव्य दुधाची प्रथिने तोडते आणि पदार्थ कडवट होतो. बर्फाच्या तीन मापांना मिठाचे एक माप, हे फॅनी फार्मर या पाककलेच्या शिक्षिकेने १८९६ च्या आपल्या पुस्तकात दिलेले प्रमाण आजही उपयोगी पडते.

काळ पुढे सरकला. १८७८ च्या सुमारास मलई वेगळी काढणारे यंत्र निघाले, लोणी घरातून कारखान्यात गेले आणि घरचे ताकही त्याच्यामागून गेले. आज अमेरिकेच्या दुकानांत ताक म्हणून जी बाटली मिळते, तिच्यातील द्रवाने बहुधा घुसळण पाहिलेलीही नसते. कमी स्निग्धतेच्या दुधाला विरजण लावून ते तयार केलेले असते. आइस्क्रीमचे पिंपही माळ्यावर गेले.

आपल्याकडेही ते माळ्यावरच गेले आहे. लग्नघरी किंवा सणाच्या दिवशी भाड्याने आणलेले लाकडी पिंप, गोणपाटात गुंडाळून आणलेली बर्फाची लादी, ती फोडतानाचा आवाज आणि आपल्याच खाडीकाठच्या मिठागरांतले जाडे मीठ, हे सारे आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असेल. दांडा प्रथम लहानांच्या हाती असे. दूध घट्ट होत आले की तो जड होई, मग थोरली भावंडे पुढे येत आणि अखेरीस काका-मामा बाह्या सरसावत. अमेरिकेतही हाच क्रम होता. तेथे पिंप हलू नये म्हणून वर गोणपाट घालून एखाद्या मुलाला त्यावर बसवत आणि डब्यातून काढलेली पाती चाटण्याचा पहिला मान दांडा फिरवणाऱ्यांना देत.

मला या रिवाजात सगळ्या इतिहासाचे सार दिसते. राजाच्या मेजावर एकच बशी होती आणि ती भरणाऱ्याला तिची चव मिळत नव्हती. वाड्यातल्या आइस्क्रीमसाठी राबणाऱ्याच्या वाट्याला झोपडीतले ताक आले. मग मीठ, एका बाईचा दांडा आणि गरिबाघरचे ताक एकत्र आले, तेव्हा कोठे राबणारा हात आणि चाखणारे तोंड एकाच माणसाचे झाले. आपल्या घरी पुढच्या सणाला आइस्क्रीम विकत आणण्याआधी एकदा माळ्यावर पाहावे. पिंप सापडले, तर दांडा सर्वांनी आळीपाळीने फिरवावा. आणि त्यात ताक घातले, तर थोडे शेजारीही द्यावे. ताकाचा जुना धर्म तोच आहे.